यादीत न लिहिलेली कॅप्सूल

"अँटीऑक्सिडंटची गोळी चालू करू का गं?" हे मला हल्ली नातेवाईक, मैत्रिणी, त्यांच्या सासवा, सगळ्याच विचारतात, आणि विचारायचं कारण एवढंच की आमच्या घरातल्या औषधांच्या फाइली माझ्याकडे असतात, रिपोर्ट मी वाचते, डॉक्टरांशी बोलायला मी जाते. मी डॉक्टर नाही. पण आजारी माणसांसोबत वर्षानुवर्षं वेटिंग रूममध्ये बसून आणि मिळेल ते वाचून एक गोष्ट मनात पक्की झालीये, की झाडापासून बनलेली गोळीही शरीरात औषधासारखीच वागते, त्यामुळे हा प्रश्न आला की मी हो किंवा नाही म्हणत नाही, उलट विचारते की बाकी काय काय चालू आहे, ही गोळी नेमकी कशासाठी हवीये, आणि हे तुमच्या डॉक्टरांना सांगितलंय का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही, ते औषध थोडीच आहे!"

माझा सगळा जीव इथेच अडकतो. वनस्पतीपासून बनवलेली कॅप्सूल माणसाच्या डोक्यातल्या औषधांच्या यादीत बसतच नाही. बीपीची गोळी सांगतात, थायरॉईडची सांगतात, आणि द्राक्षाच्या बियांचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, हळदीतलं कर्क्युमिन, जिंको झाडाच्या पानांचा अर्क, हे सगळं घरी कपाटात राहून जातं. आत शिरल्यावर मात्र यकृताला, मूत्रपिंडाला, रक्ताला त्याच्याशी औषधासारखाच सामना करावा लागतो.

मुळात अँटीऑक्सिडंटची, म्हणजे पेशींचं नुकसान करणाऱ्या रेणूंना आवरणाऱ्या द्रव्याची, ही कल्पना आली कुठून ते बघितलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १९५६ साली डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं की पेशींमध्ये ऑक्सिजन वापरला जाताना फ्री रॅडिकल्स नावाचे अस्थिर रेणू तयार होतात, त्यांच्यामुळे पेशींचं थोडंथोडं नुकसान होत राहतं, आणि म्हातारपण म्हणजे हे साठत गेलेलं नुकसान. पुढे १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिलं की सुपरऑक्साइड नावाच्या अशाच एका रॅडिकलची विल्हेवाट लावणारं एन्झाइम आपल्या शरीरात असतंच. म्हणजे धोकाही खरा आणि शरीराची स्वतःची व्यवस्थाही खरी. पण लोकांपर्यंत पोचताना त्यातलं अर्धंच पोचलं, की शरीर आतून गंजतंय आणि बाहेरून अँटीऑक्सिडंट टाकलं की गंज थांबतो. सोपं आहे, चटकन पटतं, म्हणून टिकलं.

पण शरीर काही लोखंडाचा पत्रा नाही. पांढऱ्या पेशी जंतू मारायला असेच नुकसान करणारे रेणू, म्हणजे ऑक्सिडंट, मुद्दाम तयार करतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज नावाचा एक जन्मजात आजार आहे, त्यात पेशींना हे रसायन नीट तयारच करता येत नाही, आणि त्या मुलांना पुन्हा पुन्हा गंभीर इन्फेक्शन होतात. व्यायामाचंही तसंच, स्नायूंमध्ये तात्पुरता जो ऑक्सिडेशनचा ताण येतो तो शरीराला मिळालेला निरोप असतो की बाबा रे, आता तयारीला लाग. २००९ मध्ये जर्मनीत झालेल्या एका छोट्या अभ्यासात काही तरुणांना व्यायामासोबत रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं, तर व्यायामामुळे इन्शुलिनला प्रतिसाद जो सुधारायला हवा होता तो या मंडळींमध्ये सुधारलाच नाही, गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये सुधारला. ही व्हिटॅमिनं होती, वनस्पतीचा अर्क नव्हता, पण मुद्दा तोच आहे, फ्री रॅडिकल्स जितके कमी तितकं बरं असा सरळ हिशोब शरीरात चालत नाही.

आता टेस्ट ट्यूबचं प्रकरण. बाटल्यांवर पूर्वी मोठ्या अक्षरात ओरॅकचा आकडा असायचा, म्हणजे तो पदार्थ परीक्षानळीत किती रॅडिकल्स शोषतो त्याचं माप. अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरॅकच्या आकड्यांचा आपला तक्ता २०१२ मध्ये साइटवरून काढून टाकला, कारण परीक्षानळीतला आकडा आणि माणसाच्या तब्येतीवर होणारा परिणाम यांचा संबंध दिसत नव्हता आणि जाहिरातीत तो सर्रास वापरला जात होता. शिवाय यातली बरीचशी द्रव्यं, म्हणजे वनस्पतींमधली पॉलिफेनॉल्स, गिळल्यावर रक्तात पोचतातच कमी. आतडं आणि यकृत त्यांना परकं समजतं, त्यांना दुसरे रेणू चिकटवून त्यांचं रूप बदलतं आणि बाहेर काढून टाकतं. बॅरी हॅलिवेल हे या विषयातलं मोठं नाव, त्यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं की पॉलिफेनॉल्स पेशी वाढवायच्या द्रवात टाकली तर ती तिथे आपणहून हायड्रोजन पेरॉक्साइड हे ऑक्सिडंट तयार करतात, म्हणजे अँटीऑक्सिडंट म्हणून टाकलेली गोष्ट तिथे नेमकं उलटं काम करते. "प्रयोगशाळेत सिद्ध" असं वाचलं की मला आता हे आठवतं आणि मी पुढचं वाक्य जरा जपूनच वाचते.

मग वनस्पतींच्या द्रव्यांचा उपयोग काहीच नाही का? असं अजिबात नाही. बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की ही द्रव्यं स्वतः रॅडिकल्स शोषण्यापेक्षा पेशीला हलकासा चिमटा काढतात आणि त्यामुळे एनआरएफ-२ नावाचा एक स्विच चालू होतो, मग शरीर स्वतःची संरक्षक एन्झाइम्स जास्त तयार करायला लागतं. हे जर खरं धरलं तर डोसचा विचार पार बदलतो ना, कारण चिमट्याने जाग येते म्हणून कुणी दहापट जोराने चिमटा काढत नाही!

डोस चुकला, किंवा चुकीच्या माणसाला दिला, तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण बीटा कॅरोटिनचं आहे आणि ते मला प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. भाज्या-फळांमधलं केशरी-पिवळं रंगद्रव्य. ज्यांच्या आहारात ते जास्त असायचं त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं निरीक्षणांत दिसत होतं, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुषांवर एक चाचणी झाली, सगळे धूम्रपान करणारे, वय ५० ते ६९, त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. जास्त! लोकांना वाटलं काहीतरी योगायोग असेल. अमेरिकेत तेव्हा अशीच दुसरी चाचणी चालू होती, १८,३१४ माणसं, धूम्रपान करणारी, सोडलेली किंवा ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेली, त्यांना ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन आणि सोबत व्हिटॅमिन ए. ती जानेवारी १९९६ मध्ये ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के आणि एकूण मृत्यू १७ टक्के जास्त दिसले. एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की धुराने भरलेल्या फुप्फुसात बीटा कॅरोटिन स्वतःच मोडतं आणि त्याचे तुकडे त्रासदायक ठरतात.

या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्याला धोका आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच तर त्यांनी इमानेइतबारे वर्षानुवर्षं रोजची गोळी घेतली. आणि भाजीत जे द्रव्य इतर शेकडो गोष्टींसोबत थोडंथोडं मिळत होतं, तेच एकटं काढून, मोठ्या मात्रेत दिल्यावर दुसरंच काहीतरी होऊन बसलं. म्हणून "आम्ही खातोच की ते, मग गोळीने काय होणार" हे वाक्य ऐकलं की मला ही माणसं आठवतात. आणि म्हणूनच कुणी सिगारेट ओढत असेल किंवा पूर्वी ओढत असेल तर बीटा कॅरोटिनची जास्त ताकदीची गोळी नको, हे मी कुणाचीही भीडभाड न ठेवता सांगते. मल्टिव्हिटॅमिनमध्ये किंवा "डोळ्यांच्या" गोळीमध्येही ते लपलेलं असू शकतं, तेव्हा बाटलीच्या मागच्या बाजूचं लेबल वाचायचं.

जिंकोचं थोडक्यात. स्मरणशक्तीसाठी लोक घेतात. ३,०६९ वयस्कर लोकांवर, दिवसातून २ वेळा १२० मिलिग्रॅम, साधारण ६ वर्षं चाचणी झाली आणि २००८ मध्ये निकाल आला की डिमेन्शिया टाळायला त्याचा उपयोग झाला नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाची काळजी वेगळीच. एवढं कळल्यावर मला तरी त्याच्या वाटेला जायचं कारण दिसत नाही.

ग्रीन टीच्या अर्काबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण तो माझ्या आत्याच्या कपाटात सापडला.

आत्याची औषधं नव्याने लिहून काढत होते, तेव्हा गोळ्यांच्या डब्यामागे एक हिरवी बाटली दिसली. म्हटलं, "आत्या, ही कधीपासून घेतेस?" तर म्हणाली, "अगं ते औषध नाही, झाडपाला आहे तो, त्याने काय बिघडणार? सकाळी उपाशीपोटी घेते, म्हणजे चांगलं लागू पडतं." मी तिच्याशेजारीच बसून लेबल मोठ्याने वाचायला घेतलं. पुढच्या बाजूला फक्त पान आणि "५०० मिग्रॅ". मागे, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, "पॉलिफेनॉल्स ९५ टक्के, ईजीसीजी ४५ टक्के". त्याखाली "२ कॅप्सूल, दिवसातून २ वेळा". आता हिशोब करा, एका कॅप्सूलमध्ये ५०० च्या ४५ टक्के म्हणजे २२५ मिलिग्रॅम ईजीसीजी, असे ४, म्हणजे दिवसाला ९०० मिलिग्रॅम. पुढच्या बाजूचं "५००" वाचून यातलं काही कळत नाही, मागची टक्केवारी आणि "दिवसातून किती" यांचा गुणाकार केल्यावरच खरा आकडा हातात येतो.

हा ९०० चा आकडा का बोचला ते सांगते. ईजीसीजी हे ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन, म्हणजे पॉलिफेनॉलचाच एक प्रकार. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने, ईएफएसएने, २०१८ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की चहा उकळून किंवा भिजवून पिणाऱ्यांना दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी मिळतं आणि ते सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे, पण सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं तर यकृताची एन्झाइम्स रक्तात वाढलेली दिसतात, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण. २०२२ मध्ये युरोपियन युनियनने नियमच केला, रोजची मात्रा ८०० च्या आत हवी आणि लेबलवर इशारे छापायलाच हवेत, उपाशीपोटी घेऊ नका, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि १८ वर्षांखालच्यांनी घेऊ नका, त्याच दिवशी ग्रीन टीचं दुसरं काही घेऊ नका. त्याच्याही आधी, २००३ मध्ये, फ्रान्स आणि स्पेनमध्ये वजन कमी करायला विकलं जाणारं ग्रीन टी अर्काचं एक उत्पादन यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींमुळे बाजारातून काढलं गेलं होतं.

उपाशीपोटीचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पोट रिकामं असताना ईजीसीजी रक्तात बरंच जास्त शोषलं जातं, आणि जेवणासोबत घेतलं तर कमी आणि हळूहळू. म्हणजे आत्या म्हणत होती ते अर्धं बरोबरच होतं, उपाशीपोटी जास्त "लागू पडतं", पण ते यकृतालाही एकदम जास्त सोसावं लागतं. आणि एक गोष्ट अशी जी आपल्याला बाहेरून कधीच कळणार नाही. ग्रीन टीच्या अर्कामुळे यकृताला इजा झालेल्या लोकांची तपासणी केली तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे एचएलए-बी*३५:०१ हा जनुकाचा प्रकार सापडला, सर्वसाधारण लोकसंख्येत असतो त्याच्या कितीतरी जास्त प्रमाणात. पुढे हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलमुळे झालेल्या इजांमध्येही बऱ्याच जणांकडे हाच प्रकार निघाला. तेव्हा "माझी शेजारीण २ वर्षं घेतेय, तिला काही झालं नाही" या वाक्याने माझं यकृत सुरक्षित होत नाही, तिचे जनुक वेगळे, माझे वेगळे. अशी इजा होणारे लोक थोडेच, पण त्या थोड्यांमध्ये आपण आहोत का हे आधी माहीत नसतं.

आत्याला हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "पण झाडातलंच ना?" मी म्हटलं, आत्या, हृदयासाठीचं डिजॉक्सिन फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडातून आलं, मॉर्फिन अफूतून, कॅन्सरचं पॅक्लिटॅक्सेल यू झाडाच्या सालीतून, झाडांमध्ये ताकद नसती तर आपण त्यांच्यामागे लागलोच नसतो. आत्याला हे पटलं, कारण वनस्पतींवरचा तिचा विश्वास मी मोडत नव्हते, त्या खरोखर ताकदवान आहेत हे मलाही मनापासून वाटतं. तिने गोळी थांबवली, डॉक्टरांना बाटली दाखवली, त्यांनी यकृताची तपासणी करून घेतली, ती ठीक आली. आता तिच्या यादीत खाली एक वेगळा रकाना आहे, "औषधं सोडून बाकी सगळं", आणि त्यात ती स्वतः लिहिते.

तो रकाना का हवा, तर दुसऱ्या औषधांशी होणाऱ्या भानगडींसाठी. नॅडोलोल नावाची बीपीची गोळी आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही निरोगी लोकांना १४ दिवस रोज ७०० मिलिलिटर ग्रीन टी प्यायला दिला आणि मग नॅडोलोल दिली, तर रक्तात पोचणारं औषध सुमारे ८५ टक्क्यांनी घटलं. बीपीची गोळी वेळेवर चालू आहे आणि बीपी मात्र उतरत नाही, असं झालं तर कोण चहाकडे बघणार! उलट्या बाजूचं उदाहरण म्हणजे पिपरिन, मिऱ्यातलं तिखट द्रव्य. कर्क्युमिन एरवी रक्तात जवळजवळ पोचतच नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये पिपरिन घालतात, आणि त्याचा आधार असतो १९९८ चा एक अभ्यास, ज्यात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर माणसांमध्ये शोषण २००० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. जाहिरातीत हा आकडा अभिमानाने असतो. पण पिपरिन हे करतं कसं, तर औषधं मोडणाऱ्या आणि बाहेर ढकलणाऱ्या यंत्रणेला आडवं येऊन, आणि ती यंत्रणा काही फक्त कर्क्युमिनसाठी नाहीये, फिट्ससाठीचं फेनिटॉइन, बीपीचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफिलिन यांची रक्तातली पातळीही पिपरिनने वाढलेली दिसलीये. "शोषण वाढवणारं" असं लेबलवर दिसलं की माझा पुढचा प्रश्न असतो, अजून कशाकशाचं वाढवणार?

कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असताना तर स्वतःच्या मनाने काही म्हणजे काही घेऊ नये, हे मी हात जोडून सांगते. बॉर्टेझोमिब हे मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरचं औषध, आणि २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये दिसलं की ईजीसीजी थेट त्या औषधाच्या रेणूलाच चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. बऱ्याच केमो आणि रेडिएशनचा मारा मुळात ऑक्सिडेशनवरच चालतो, तिथे अँटीऑक्सिडंटची ढाल पेशंटच्या चांगल्या पेशींना मिळेल की कॅन्सरला, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. नातेवाईक प्रेमाने आणून देतात, पेशंटला नाही म्हणवत नाही, आणि ऑन्कॉलॉजिस्टला कुणी सांगत नाही. प्लीज सांगा.

बाकी छोट्या गोष्टी पण कामाच्या. वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुठलाही अर्क चालू किंवा बंद करताना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायला सांगा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर पॉलिफेनॉल्स लोहाला धरून ठेवतात आणि ते कमी शोषलं जातं, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा, हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर तेवढे महिने अर्क नकोच. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर दोघांनाही सांगायचं, साधारण २ आठवडे आधी हे सगळं बंद करायला सांगतात. मुतखडा होऊन गेलेल्यांनी हळदीच्या कॅप्सूलबद्दल आवर्जून विचारावं, त्याने लघवीतलं ऑक्झलेट वाढतं, ज्यापासून खडे बनतात.

आता कुठे उपयोग होतो तेही तेवढ्याच मनापासून सांगते, कारण नुसतं घाबरवायला हे लिहीत नाहीये. झेंडूच्या फुलांपासून ल्युटीन हे पिवळं रंगद्रव्य काढतात. वयानुसार डोळ्याचा पडदा खराब होतो त्या मॅक्युलर डिजनरेशनसाठी अमेरिकेत आधी एक मोठी चाचणी झाली होती, तिचा निकाल २००१ मध्ये आला, त्यात व्हिटॅमिन सी, ई, झिंक आणि बीटा कॅरोटिनचा फॉर्म्युला होता आणि मध्यम टप्प्यावरच्या लोकांमध्ये आजार पुढच्या गंभीर टप्प्यावर जाण्याचा धोका ५ वर्षांत साधारण २५ टक्क्यांनी कमी झाला. मग फुप्फुसाचा प्रश्न माहीत असल्यामुळे दुसऱ्या चाचणीत बीटा कॅरोटिनऐवजी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झिॲझँथिन हे तसंच दुसरं रंगद्रव्य घालून बघितलं, २०१३ मध्ये निकाल आला आणि आता तोच फॉर्म्युला वापरतात. मला हे उदाहरण फार आवडतं. कोणता आजार, कोणता टप्पा, किती मिलिग्रॅम, कुणाला द्यायचं नाही, सगळं ठरलेलं. ज्यांना हा आजार नाही किंवा अगदी सुरुवातीचा आहे त्यांना या गोळीचा तसा फायदा दिसला नव्हता, तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला म्हणून ती घेण्यात अर्थ नाही, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यायचा.

दुसरं उदाहरण पुन्हा ग्रीन टीचंच. त्याच कॅटेचिन्सचं मलम अमेरिकेच्या एफडीएने २००६ मध्ये जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी औषध म्हणून मंजूर केलं, दिवसातून ३ वेळा, जास्तीत जास्त १६ आठवडे. बघा, तीच पानं, पण जागा ठरलेली, मात्रा ठरलेली, थांबायची वेळ ठरलेली.

म्हणून कुणाला सप्लिमेंट घ्यायचंच असेल, आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर माझं म्हणणं असं की एका वेळी एकच चालू करा, ४ एकदम चालू केले तर फायदा कशाचा आणि पुरळ कशाचं काहीच कळत नाही. "एकूण तब्येतीसाठी" असं नको, काहीतरी बघता येण्यासारखं ठरवा, गुडघ्याचं दुखणं, एखादा रिपोर्टमधला आकडा, आणि चालू करायच्या आधी ते कसं होतं हे तारीख टाकून लिहून ठेवा. थांबायची तारीखही तेव्हाच लिहा, ३ महिन्यांनी फरक नाही तर बंद. दीर्घकाळ घ्यायचं असेल, तर आधी यकृताची एक तपासणी आणि काही आठवड्यांनी परत एक, हे डॉक्टरांना विचारून करून घेतलेलं बरं. वजन कमी करायच्या किंवा "डिटॉक्स"च्या मिश्रणांपासून लांब राहा, "प्रोप्रायटरी ब्लेंड" लिहिलं असेल तर कुठला घटक किती हे सांगायचंच टाळलेलं असतं आणि मग वर केला तसा गुणाकार करताच येत नाही. बॅच नंबर, एक्स्पायरी, वनस्पतीचा कुठला भाग वापरलाय ते, आणि तिसऱ्या कुणीतरी तपासल्याचा शिक्का, यूएसपी किंवा एनएसएफ या अमेरिकन संस्थांसारखा, हे असेल तर आत लिहिलंय तेच आहे एवढी तरी खात्री मिळते. त्या शिक्क्याने गुण येईलच असं नाही, पण जड धातू किंवा भलतंच औषध मिसळलेलं असण्याची भीती कमी होते.

आणि घेत असताना लघवी गडद व्हायला लागली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना उडाली, उजव्या बरगड्यांखाली दुखायला लागलं किंवा कारण नसताना थकवा आला, तर त्याच दिवशी गोळी बंद करून डॉक्टरांकडे जायचं, "शरीरातली घाण बाहेर पडतेय म्हणून असं होतंय" असं कुणी कितीही सांगितलं तरी ऐकायचं नाही. रक्ताच्या तपासणीत बिलिरुबिन आणि यकृताची एन्झाइम्स लगेच कळतात, आणि अशी इजा वेळेत ओळखून गोळी थांबवली तर बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत, महिन्यांत पूर्ववत होतं. बाटली रागाने फेकून देऊ नका, उरलेल्या कॅप्सूलसकट सोबत न्या, कारण लेबलवरची नावं फोनवर आठवून सांगता येत नाहीत, आणि पुढे तीच वनस्पती दुसऱ्या नावाच्या बाटलीतून परत घरात येऊ नये म्हणून तिचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर, ॲलर्जीच्या खाली, ठळक लिहून ठेवायचं.